तीन टक्के वाढ आणि हातात ५०८ रुपये

कराड तालुक्यातल्या एका निवृत्त पोस्टमनचं पत्र आलं आहे. सही 'आबा' अशी आहे, वय ७२. लिहितात ते थोडक्यात असं:

'मी जून २०१३ मध्ये रिटायर झालो. दोन वर्षांपूर्वी मुलाकडे सांगलीला राहायला आलो, तेव्हा पेन्शनही इथल्या बँकेत आणली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बातमी आली की डीआर, म्हणजे महागाईचा दिलासा, ३ टक्क्यांनी वाढला, ५८ टक्के झाला. नातवाला म्हटलं, आता हजारभर तरी वाढतील. पासबुकात बघतो तर महिन्याला ५०८ रुपये. आमच्या मंडळींच्या शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्यांचंच बिल वर्षात त्याहून जास्त वाढलंय. हा हिशेब करतं कोण आणि कशावरून? माझा दोस्त साखर कारखान्यातून रिटायर झाला, त्याला तर दमडीची वाढ नाही. आता आठवा वेतन आयोग आलाय म्हणतात. २०१६ ला केला तसा डीआर परत शून्य करणार का? आणि माझ्यामागं हिला काय मिळेल? सरकार देईल ते घ्यायचं, आपण काय बोलणार, पण समजून तरी घ्यावं म्हणून लिहिलं.'

सोबत पासबुकाच्या पानाची आणि पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, झेरॉक्स आहे. २७,७४४ या जमेच्या आकड्याभोवती लाल पेनानं गोल केला आहे.

नमस्कार आबा,

तो लाल गोल केलात हे फार बरं झालं. तुमच्या सगळ्या प्रश्नांकडे येते, पण आधी त्या ५०८ कडे बघू, कारण तो आकडा चुकला आहे. तुमचे पैसे कमी येत आहेत.

तुमच्या पीपीओप्रमाणे २०१३ साली मूळ पेन्शन ७,८०० रुपये होती. त्यातली ४० टक्के, म्हणजे ३,१२० रुपये, तुम्ही विकलीत आणि एकरकमी तीन लाखांच्या वर रक्कम घेतलीत. सातव्या आयोगानंतर ७,८०० ला २.५७ नं गुणून मूळ पेन्शन २०,०४६ झाली. विकलेला भाग मात्र ३,१२० च राहिला. तो वजा जाता १६,९२६ उरतात.

डीआर कशावर काढायचा? २०,०४६ वर. नियम स्वच्छ आहे: महागाईचा दिलासा पूर्ण मूळ पेन्शनवर मिळतो, विकलेला भाग वजा करण्याआधीच्या आकड्यावर. पेन्शनचा काही भाग विकला म्हणून महागाई कमी लागत नाही. तुमच्या बँकेनं तो १६,९२६ वर काढलाय. १६,९२६ चे ५८ टक्के ९,८१८ होतात. त्यात १६,९२६ आणि वैद्यकीय भत्त्याचे १,००० मिळवले की बरोबर २७,७४४ येतात, तुम्ही गोल केलेला आकडा. खरा डीआर ११,६२७ आहे. म्हणजे जमा व्हायला हवे होते २९,५५३. महिन्याला १,८०९ रुपयांचा फरक आहे.

हे ५०८ वरूनच लक्षात आलं. ३ टक्के म्हणजे ५०८, तर १०० टक्के किती? साधारण १६,९३०. मूळ पेन्शन वीस हजारांवर असलेल्या माणसाला ३ टक्क्यांचे ६०१ यायला हवेत. हा पडताळा कुणीही घरबसल्या करू शकतं. वाढ जाहीर झाली की पासबुकातल्या वाढीला टक्क्यानं भागा, शंभरानं गुणा आणि आलेला आकडा पीपीओवरच्या मूळ पेन्शनशी जुळतो का ते बघा.

चूक बहुधा खातं सांगलीला आलं तेव्हाच झाली असावी. माहिती नव्यानं भरताना मूळ पेन्शनच्या रकान्यात वजावटीनंतरची रक्कम पडते. मी पेन्शनच्या टेबलावर बसत होते तेव्हा अशा कितीतरी फायली हातांखालून गेल्या. एका बाईंच्या कागदात तर ही चूक अकरा वर्षं तशीच होती. पेन्शन थांबत नाही, दर महिन्याला काहीतरी जमा होतं, त्यामुळे शंका येत नाही. सापडली तेव्हा त्यांचे यजमान हयात नव्हते. तो चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो, म्हणून तुम्हाला सांगते: हे काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

शाखा व्यवस्थापकांच्या नावानं साधा अर्ज लिहा. वर पीपीओ क्रमांक आणि खाते क्रमांक. मजकुरात इतकंच: 'माझी मूळ पेन्शन २०,०४६ आहे, विक्रीची वजावट ३,१२० आहे, डीआर २०,०४६ वर देय असताना १६,९२६ वर दिला जात आहे. खाते या शाखेत आल्यापासूनचा देय आणि दिलेल्या रकमेचा तक्ता द्यावा व फरक जमा करावा.' सोबत मूळ पीपीओ आणि सातव्या आयोगानंतरचा सुधारित आदेश, दोन्हींच्या झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. काउंटरवरच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. हिशेब शाखेत होत नाही, बँकेच्या केंद्रीय पेन्शन प्रक्रिया केंद्रात होतो. शाखेनं अर्ज तिकडे पाठवायचा असतो, आणि तो पाठवला का हे विचारायचं काम आपलं.

पेन्शन किंवा तिची थकबाकी बँकेकडून उशिरा जमा झाली, तर उशिराच्या दिवसांसाठी वर्षाला ८ टक्के दरानं भरपाई द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. बँकेनं ती स्वतःहून द्यायची असते. पण अर्जात त्याचं एक वाक्य जरूर टाका. महिनाभरात उत्तर आलं नाही तर नातवाला सांगून केंद्राच्या पेन्शन विभागाच्या 'सीपीईएनग्राम्स' पोर्टलवर तक्रार नोंदवा.

आता तुमचा मोठा प्रश्न, हा हिशेब करतं कोण.

केंद्राच्या कामगार मंत्रालयाचा लेबर ब्युरो देशातल्या ८८ औद्योगिक केंद्रांमधल्या ३१७ बाजारांतून किमती गोळा करतो. आपल्याकडची मुंबई, पुणे, नाशिक, सोलापूर, नागपूर ही त्यात आहेत. सांगलीच्या मंडईतली मेथीची जुडी त्यात थेट मोजली जात नाही. या किमतींवरून औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याला निघतो. २०१६ मध्ये तो १०० धरला आहे. जून २०२५ मध्ये तो १४५ होता. म्हणजे २०१६ साली १०० रुपयांत येणारी पिशवी तेव्हा १४५ ला पडत होती.

डीआर एका महिन्यावर ठरत नाही. बारा महिन्यांची सरासरी घेतात. जुलै २०२५ च्या हप्त्यासाठी जुलै २०२४ ते जून २०२५ हे बारा महिने धरले आणि सरासरी आली १४३.५७. ती जुन्या निर्देशांकाच्या मापात न्यायला २.८८ नं गुणायचं, होतात ४१३.४७. सातवा आयोग लागू होण्यापूर्वीच्या वर्षाची, २०१५ ची, सरासरी होती २६१.४२. या दोन्हींतला फरक २६१.४२ च्या किती टक्के? ५८.१६. अपूर्णांक सोडायचा, राहिले ५८. हाच तुमचा डीआर. सोडलेला ०.१६ बुडत नाही. दर सहा महिन्यांनी हिशेब पुन्हा २६१.४२ पासूनच होतो, त्यामुळे तो पुढच्या खेपेत आपोआप मोजला जातो.

मंत्रिमंडळ हा आकडा मनानं ठरवत नाही, तारखेवर आणि घोषणेवर मात्र त्याचा ताबा आहे. १ जुलै २०२५ पासूनची वाढ १ ऑक्टोबरला मंजूर झाली. जानेवारीच्या ५५ टक्क्यांना मार्चअखेर उजाडला होता. राज्य सरकारच्या पेन्शनरांना तर तोच ५५ टक्क्यांचा आदेश ऑगस्टमध्ये मिळाला. फरक मिळतो, पण त्यावर व्याज नाही. शिवाय मागच्या बारा महिन्यांची सरासरी म्हटली की ती बाजाराच्या मागूनच चालणार. डाळ आणि तेल एकदम भडकलं की तुम्ही आज चढ्या भावानं घेता आणि त्याची भरपाई पुढच्या दिवाळीपर्यंत तुकड्यातुकड्यांनी येते. दोघांचाच संसार असलेल्या म्हाताऱ्या माणसांना हे अंतर फार जाणवतं.

आता '३ टक्के' या शब्दाबद्दल. बातमीत तो मोठा वाटतो, पण ते ३ टक्के मूळ पेन्शनचे असतात. तुमचा हिशेब बरोबर असता, तर आधी मूळ आणि डीआर मिळून ३१,०७२ होत होते. त्यात ६०१ ची भर, म्हणजे एकूण रकमेवर जेमतेम १.९ टक्के. वर्षाचं बघा: ५३ चा डीआर ५८ झाला, म्हणजे १५३ चे १५८ झाले. ही वाढ सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, आणि सरासरी निर्देशांकही तेवढाच वाढला. सूत्र आपलं काम चोख करतं. पाचव्या आयोगापूर्वी वरच्या पगारवाल्यांना महागाईची पूर्ण भरपाईही मिळत नसे. आता सगळ्यांना पूर्ण मिळते.

पण भरपाई कुणाच्या महागाईची? इथं तुमच्या गोळ्यांचा प्रश्न खरा ठरतो. निर्देशांक कामगाराच्या कुटुंबावर बेतला आहे, म्हणजे कमावता माणूस, शाळेतली पोरं, भाड्याची खोली. त्यात खाण्यापिण्याला ३९.१७ टक्के वजन, घराला १६.८७. औषधं 'इतर' या गटात येतात. त्या गटाला ३०.३१ आहेत, पण त्यातच शाळेची फी, प्रवास, मोबाइल, केस कापणं सगळं. तुमच्या घरात फी नाही, भाडं नाही आणि औषधांची पिशवी मात्र दर महिन्याला जड. तुमची महागाई निर्देशांकातल्या महागाईपेक्षा वेगळी आहे, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. ज्येष्ठांच्या खर्चावर बेतलेला वेगळा निर्देशांक असावा असं मला मनापासून वाटतं. पेन्शनर संघटनांनी नुसती टक्केवारी मागण्यापेक्षा हे लावून धरावं. तोवर दोन गोष्टी करता येतील. गोळ्यांची नावं डॉक्टरांना दाखवून जनऔषधी केंद्रात तीच औषधं मिळतात का ते विचारा. शुगर-बीपीच्या बहुतेक नेहमीच्या गोळ्या तिथं बऱ्याच स्वस्त असतात. आणि एका वहीत वर्षभर औषधांचा खर्च लिहा. संघटनेच्या मेळाव्यात नुसत्या गाऱ्हाण्यापेक्षा तुमची वही जास्त बोलेल.

आणखी एक लक्षात ठेवा. निवृत्तीनंतर मिळणाऱ्या सगळ्याच रकमा महागाईबरोबर वाढत नाहीत. तुमचा वैद्यकीय भत्ता १ जुलै २०१७ पासून १,००० वरच आहे, त्याला डीआर लागत नाही. जे सर्वांत जास्त महागलं, त्याच नावाची रक्कम आठ वर्षं जागची हललेली नाही. याबद्दल लिहाल तितकं थोडंच आहे.

सूत्र असलं तरी ते थांबवता येतं, हेही आपण पाहिलं. करोनात जानेवारी २०२० पासून दीड वर्ष डीआर १७ टक्क्यांवर गोठवला. जुलै २०२१ ला तो २८ वर आणला, पण मधल्या तीन हप्त्यांचा फरक दिला नाही. कर्मचारी आणि पेन्शनर मिळून चौतीस हजार कोटींहून जास्त रक्कम सरकारकडे राहिली. तुमचे त्या अठरा महिन्यांचे पैसे मिळतील अशा अर्थाचे मेसेज वरचेवर येतात. त्यांवर विसंबून कुठला खर्च काढू नका.

तुमच्या दोस्ताबद्दल लिहिताना हात जड होतो. त्यांची पेन्शन ईपीएस-९५ ची, भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयाकडून येणारी. तिला महागाईचा दिलासा जोडलेलाच नाही. निवृत्तीच्या दिवशी जो आकडा ठरला, तोच राहतो. किमान पेन्शन १,००० रुपये ही सप्टेंबर २०१४ पासूनची. ज्या निर्देशांकावर तुमचा डीआर निघतो, त्याच मापानं बघितलं तर जून २०२५ मध्ये त्या हजाराला २०१४ च्या सहाशे रुपयांएवढीच किंमत उरली होती. आबा, तुमच्या तक्रारीत आणि त्यांच्या तक्रारीत हा फरक आहे: तुमची पेन्शन बाजाराच्या मागून का होईना, चालते. त्यांची जागीच उभी आहे आणि बाजार पुढं गेलाय. किमान ७,५०० आणि त्यावर महागाई भत्ता, ही मागणी घेऊन बुलढाण्यात या पेन्शनरांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण केलं आहे. कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ही मागणी करावी लागावी, हे मला मान्य होत नाही. दोस्ताला सांगा, उरलेला फंड वगैरे काही अडकलं असेल तर कागद घेऊन फंडाच्या कार्यालयात जाऊन यावं. पेन्शनच्या आकड्यासाठी मात्र संघटनेशिवाय वाट नाही.

'सरकार देईल ते घ्यायचं' हे तुमचं वाक्य मात्र मला खुपलं. १७ डिसेंबर १९८२ ला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठानं नाकारा खटल्यात निकाल दिला की पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेतून मिळवलेला हक्क आहे. म्हणूनच १७ डिसेंबरला पेन्शनर दिन असतो. तुम्ही सायकलवरून डोंगरातल्या वाड्यांना मनीऑर्डरी पोचवल्यात त्या सेवेचं हे देणं आहे. बँकेत अर्ज देताना मान खाली घालायचं कारण नाही.

आयोगाचं भय थोडं हलकं करते. २०१६ ला डीआर शून्य झाला तेव्हा तुमचं काय झालं ते कागदावर बघा. डिसेंबर २०१५ ला मूळ ७,८०० आणि ११९ टक्क्यांचे ९,२८२, मिळून १७,०८२. जानेवारी २०१६ ला मूळ २०,०४६ आणि डीआर शून्य. जुना डीआर मूळ पेन्शनमध्ये मुरला आणि वर १७ टक्के मिळाले. शून्य म्हणजे नवी सुरुवात, जुनं गेलं असं नव्हे. आठव्या आयोगाच्या अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना देसाई आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयोग नेमला गेला आणि अहवालाला १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर डीआर जानेवारी-जुलैच्या चक्राप्रमाणे चालायला हवा. व्हॉट्सॲपवर २.८६ आणि ३ च्या पटीचे तक्ते फिरतात, ते कुणीतरी घरी बसून केलेले आहेत. त्यांवर विसंबून नातवाच्या गाडीचं कर्ज काढू नका. २०२८ मध्ये मात्र एक नक्की गोष्ट येईल: पेन्शन विकून पंधरा वर्षं होतील आणि ३,१२० ची वजावट बंद होईल. ती आपोआप होईल असं गृहीत धरू नका, त्या महिन्याचं पासबुक तपासा. ऐंशीव्या वर्षी मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा मिळतील, त्यावरही डीआर असतो.

राहिला वहिनींचा प्रश्न. तो तुम्ही शेवटी लिहिलात, पण मला वाटतं पत्र त्यासाठीच लिहिलं असावं. कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतं. तुमचा शेवटचा पगार १५,६०० धरला तर ४,६८०, त्याला २.५७ नं गुणून १२,०२८. त्यावर ५८ टक्के दरानं डीआर ६,९७७. म्हणजे एकूण १९,००५ रुपये, आणि डीआर वाढेल तसे तेही वाढतील. तुम्ही विकलेल्या पेन्शनची वजावट त्यातून होत नाही. वैद्यकीय भत्ता त्यांनाही मिळू शकतो.

एकच काम राहिलं. झेरॉक्समध्ये पीपीओवर वहिनींचं नाव माहेरचं दिसतंय आणि जन्मतारखेचा रकाना कोरा आहे. बँकेतलं आणि आधारवरचं नाव सासरचं असणार. तुम्ही आहात तोवर ही दुरुस्ती एका अर्जात होते. नंतर त्यांना एकटीला प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागेल. नोव्हेंबर आहे, हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाणारच आहात. वहिनींना सोबत न्या, त्यांचं आधार आणि दोघांचा एकत्र फोटो घ्या. पीपीओवरची दुरुस्ती तुमच्या टपाल खात्याच्या लेखा कार्यालयाकडून होते, तो अर्ज त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं पाठवा. पोचपावती जपून ठेवायला तुम्हाला मी काय सांगणार.

बँकेकडून तो देय-दिलेला तक्ता हाती आला की त्याची झेरॉक्स मला पाठवा. एकेक ओळ मी स्वतः तपासून देईन.